मेन बंद न करता केलेले काम

रत्नागिरीत आणि आसपासच्या वाड्यांत मी चौतीस वर्षे वायरिंगची कामे केली. त्यातली पहिली सहा वर्षे जोडीला एका स्थानिक दैनिकाची बातमीदारी होती. दैनिक बंद पडले, वायरिंग राहिले. बातमीदारीची एक सवय मात्र टिकली. कामाच्या वहीत तारीख आणि वेळ लिहायची, काय पाहिले ते लिहायचे, काय वाटले ते लिहायचे नाही. हा लेख त्या वहीवरून लिहिला आहे. संपादकांनी गमतीचे अनुभव मागितले होते. तसे दोन आहेत. तिसरा तसा नाही, आणि लेख खरे तर त्याच्यासाठीच आहे. एका म्हाताऱ्या माणसाच्या शब्दावर त्याच्या घरच्यांचा विश्वास उरला नाही, आणि त्याला कारण मी ओढलेली एक तार होती.

आधी वस्तू सांगतो. मोशन सेन्सर म्हणजे हालचाल ओळखणारा डोळा. तो माणूस ओळखत नाही, समोरून ऊब सरकली एवढेच ओळखतो. ऊब सरकली की करंट सोडतो, मिनिटभराने तोडतो. त्याला तीन तारा असतात : फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारी तिसरी. स्मार्ट रिले ही काडेपेटीएवढी डबी. ती बटणाच्या मागे भिंतीतल्या पेटीत बसते आणि घरातल्या वायफायवरून मालकाच्या मोबाईलशी बोलते. सेन्सर थेट दिव्याला जोडला तर दिवा लागतो, पण मालकाला कळत नाही. म्हणून सेन्सरची तिसरी तार दिव्याला न देता रिलेवर बटणासाठी जी जागा असते तिथे द्यायची. तिथे करंट आला की रिले दिवा लावते आणि मालक मुंबईत असो की मस्कतला, त्याच्या मोबाईलवर ओळ उमटते : पॅसेज, हालचाल, अमुक वाजता.

रिलेला फक्त करंट आला एवढेच कळते. तो कोणामुळे आला ते कळत नाही. ‘हालचाल’ हा शब्द मोबाईलवर माणसाने लिहून ठेवलेला असतो.

बॅटरीवर चालणारे, तार नसलेले सेन्सरही मिळतात. ते लावायला सोपे. पण समुद्राच्या हवेत त्यांच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो आणि वर्षभरात ते गप्प होतात. म्हणून मी तारेचेच लावत आलो.

गणपतीपुळ्याच्या एका लॉजवाल्याने वरच्या मजल्याच्या बोळात असा सेन्सर माझ्याकडून लावून घेतला. रिलेमध्ये एक सेटिंग असते. सेन्सर चालू तर दिवा चालू, बंद तर बंद, असे ठेवायचे असते. मी ते तसे ठेवले होते. मालकाच्या भाच्याने मोबाईलशी खेळताना ते बदलले. आता करंट आला की रिले फक्त उलटे करायची. दिवा लागलेला असला तर विझवायची, विझलेला असला तर लावायची. पाहुणा खोलीतून बाहेर पडला की दिवा जाई आणि तो जिना उतरून गेला की रिकाम्या बोळात दिवा लागे. सांगलीकडचे एक कुटुंब दोन दिवसांचे बुकिंग सोडून पहिल्याच संध्याकाळी निघून गेले. मालकाचा फोन आला, “मांडवकर, तुमचा दिवा माणसांना लाजतो.” मी गेलो आणि दोन मिनिटांत सेटिंग बदलले. तेव्हा कळले की मला बोलावण्याआधी त्यांनी भटजींना बोलावले होते आणि बोळात शांत करून झाली होती. दिवा नीट चालू लागल्याचे श्रेय त्या घरात आजही भटजींकडे आहे.

मिरकरवाड्यात एका ट्रॉलरमालकाच्या जाळ्यांच्या खोलीत सेन्सर बसवला. पहिल्याच दिवशी मोबाईल इतका वाजला की त्यांनी तो पिशवीत गुंडाळून ठेवला. चोर नव्हते, मांजरे होती. मी सेन्सर वर सरकवला. मांजरे जाळ्यांच्या ढिगावर चढू लागली. आणखी वर सरकवला. मांजरे तिथेही पोचली. शेवटी मालकच कंटाळले आणि म्हणाले, राहू दे, निदान मांजरं हजर आहेत एवढं तरी कळतं. 

अशा कामांनी माणूस सैल होतो. चूक झाली तर हसू होते आणि दुरुस्त करता येते, असे वाटू लागते.

गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागून एका वाडीत दत्ताराम शिवलकर राहत. मी त्यांना काका म्हणायचो. वय एकोणऐंशी. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून कुठली गाडी किती वाजता आली आणि सुटली याची नोंद ठेवणारे. पत्नी वारल्यावर घरात एकटेच. मुलगा संदेश मुंबईत एका खासगी कंपनीत. शेजारी प्रमिला वहिनी, नात्याने चुलत घरातल्या. त्या रोज सकाळी फुलांना जाताना काकांच्या मागच्या दारात उभ्या राहत आणि “उठलात काय ओ भावजी?” असे विचारत. आतून खाकरणे ऐकू आले की पुढे जात. इतकीच व्यवस्था होती आणि ती चार वर्षे चालली होती.

संदेशला ती पुरेशी वाटेना. वहिनी माहेरी गेल्या, आजारी पडल्या तर काय, हा त्याचा प्रश्न बरोबरच होता. त्याने मोबाईलवर वाचून सगळे ठरवले. माजघरातून न्हाणीकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये सेन्सर. काका उठले की न्हाणीकडे जाणारच. दिवा आपोआप लागेल, बोट लावायला नको, आणि संदेशच्या मोबाईलवर नोंद होईल. सकाळी नऊपर्यंत एकही नोंद झाली नाही तर मोबाईल ओरडून सांगेल.

काम गणपतीत करायचे होते. आमच्याकडे सगळीच कामे गणपतीत होतात, कारण घरचे लोक तेव्हाच घरी असतात. पाच दिवसांचा गणपती. संदेश आदल्या दिवशी आला होता आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी परतणार होता. मी तिसऱ्या दिवशी गेलो. घरात पंधरा माणसे, ओटीवर भजनाच्या तयारीची चटई, मखरात फिरणारे दिवे.

घर चिऱ्याचे. भिंत हातभर जाड. पॅसेजच्या एका टोकाला बटणाची पेटी, दुसऱ्या टोकाला न्हाणीचे दार. रिले पेटीत बसली. त्या पेटीत इन्व्हर्टरची लाइन होती, म्हणजे गावची वीज गेली तरी तिथे करंट राहणार. वायफायही इन्व्हर्टरवर. इथपर्यंत ठीक होते. सेन्सर मात्र न्हाणीच्या दारावर बसवायचा होता. तिथपर्यंत पेटीतून तीन तारा न्यायला हव्या होत्या. भिंतीतल्या जुन्या पाइपातून एकच तार सरकत होती. तीन न्यायच्या तर चिरा फोडावा लागणार, किंवा भिंतीवरून नवी पट्टी मारावी लागणार. गणपती बसलेला असताना घरात छिन्नी-हातोडी कोण चालवू देणार?

न्हाणीच्या दाराशेजारी गिझरचा पॉइंट होता. सेन्सरला लागणारे फेज आणि न्यूट्रल मी तिथून घेतले. फक्त तिसरी तार जुन्या पाइपातून रिलेपर्यंत ओढली. गिझर इन्व्हर्टरवर नसतो, तो सरळ मेन लाइनवर असतो. म्हणजे डोळा एका लाइनवर आणि त्याचे ऐकणारी डबी दुसऱ्या लाइनवर. गावची वीज असते तोवर दोन्हींत तोच करंट खेळतो आणि सगळे व्यवस्थित चालते.

बाहेरच्या वाचकाला वाटेल की हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते. यायला हवेच होते. त्यासाठी एक चाचणी असते : काम झाल्यावर घराचा मेन स्विच बंद करायचा, दोन मिनिटे थांबायचे, परत चालू करायचा. मी तसे विचारलेही. संदेशची आत्या मखरासमोरून उठलीसुद्धा नाही. “गणपती घरात असताना काळोख करतात काय? तुझ्या घरी करतात?” आमच्या घरीही करत नाहीत. मी फक्त पॅसेजचा आणि गिझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचे त्या-त्या लाइनचे छोटे स्विच, खाली करून काम केले होते. शेवटी ते वर केले, पॅसेजमधून तीनदा चाललो, तीनदा दिवा लागला, तीनदा संदेशच्या मोबाईलवर ओळ आली. पंधरा माणसांनी एकेकदा चालून बघितले. मी वहीत ‘काम पूर्ण’ लिहिले.

दोन गोष्टी त्या दिवशीच्या वहीत नाहीत, पण आठवतात. पहिली, काका मला म्हणाले होते, “ते बटण राहू दे की. काढतोस कशाला?” रिलेवर बटणासाठी एकच जागा होती, ती सेन्सरला गेली होती. बटणही तिथेच जोडून देता आले असते, पाच मिनिटांचे काम होते. संदेश म्हणाला, बाबांना काही दाबावंच लागू नये यासाठी तर हे करतोय. काम त्याने सांगितले होते, म्हणून मी त्याचे ऐकले. बटणाच्या जागी कोरी पट्टी बसली. दुसरी, मी निघण्याआधी संदेशने प्रमिला वहिनींना मोबाईल दाखवला आणि सांगितले की आता तुम्हाला रोजचा त्रास नको. तो हे चांगल्या मनाने बोलला. वहिनींनी मोबाईलकडे पाहिले, “बरं झालं,” म्हणाल्या आणि तबकातली फुले देवापुढे ठेवून घरी गेल्या.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस विजांसह येतो. त्यातल्या एका सोमवारी पहाटे कुठेतरी झाड पडून त्या भागाची लाइन गेली. काकांना न्हाणीत पडलेले पाहिले ते प्रमिला वहिनींनी, संध्याकाळी साडेपाचला. खुब्याचे हाड मोडले होते.

संदेशचा मला फोन बुधवारी सकाळी आला. तो मंगळवारीच रत्नागिरीत पोचला होता. काका इस्पितळात होते, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होते. तो तक्रार करत नव्हता. उलट म्हणाला की तुमचे मशीन चोख चालले. सोमवारी सकाळी चार वेळा नोंद आहे : सहा बावन्न, सात चाळीस, सव्वानऊ, अकरा पाच. म्हणजे बाबा अकरापर्यंत घरात फिरत होते. म्हणूनच दुपारी एकला फोन उचलला नाही तेव्हा तो घाबरला नाही, झोपले असतील असे समजला. चारलाही उचलला नाही, मग पाचला वहिनींना सांगितले.

“पण बाबा म्हणतात, मी सहा दहाला पडलो. रात्री मुक्कामाला असलेली वस्तीची गाडी सुटली तेव्हा. तिथून हललोच नाही म्हणतात. मला वाटतं, मांडवकर, त्यांचं डोकं आता साथ देत नाही.”

डॉक्टरांनाही त्याने ते सांगितले होते. त्यांनी काकांना वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करायला सांगितले. काकांनी वार बरोबर सांगितला, वजाबाकी दोनदा चुकली. पडल्याची वेळ मात्र तीच सांगितली. केसपेपरवर ‘विस्मरण’ हा शब्द प्रश्नचिन्हासह आला. ऑपरेशननंतर काकांना मुंबईला न्यायचे, पण घरी नाही, वृद्धांची काळजी घेणाऱ्या एका केंद्रात ठेवायचे, असे संदेश आणि त्याची पत्नी बोलत होते. गोंधळलेल्या माणसाला दिवसभर घरात एकटे कसे ठेवणार, ही त्यांची अडचण होती. गावचे घर बंद होणार म्हणून मशीन काढून ठेवा, चावी वहिनींकडे आहे, एवढ्यासाठी फोन होता.

मी त्याच दिवशी अकराच्या सुमारास गेलो. वहिनींनी चावी दिली. दार उघडताना त्या मागे उभ्या होत्या. मी काही विचारले नव्हते, तरी म्हणाल्या, “मशीन बघतं म्हणालात, म्हणून मी बघायचं सोडलं. सोमवारी फुलं काढायला ह्याच दारावरून गेले.”

घर रिकामे होते. आता काळोख करायला कोणाची हरकत नव्हती. पडवीतल्या बोर्डाचा मेन स्विच मी बंद केला आणि आत जाऊन पेटीची पट्टी काढली. रिलेचा हिरवा ठिपका चालूच होता. इन्व्हर्टर आहे हे विसरलो होतो. म्हणून इन्व्हर्टरही बंद करावा असे ठरवून परत पडवीत आलो, आणि त्याआधी मेन पुन्हा वर केला. सवयीने केला, की आतून काही लक्षात आले होते म्हणून केला, हे मला सांगता येणार नाही.

आतून टक असा आवाज आला. वळून पाहिले तर पॅसेजमधला दिवा लागला होता. तिथे कोणी नव्हते.

तारेच्या सेन्सरला वीज नव्याने मिळाली की तो आधी जागा होतो, आणि जागे होताना मिनिटभर स्वतःच करंट सोडतो. हे डबीवरच्या कागदात लिहिलेले असते. मला ते माहीत होते. सेन्सर आणि रिले दोन्ही इन्व्हर्टरवर असते तर वीज गेल्या-आल्याचा त्यांना पत्ताच लागला नसता. दोन्ही मेनवर असते तर रिलेही बंद पडली असती आणि संदेशला मोबाईलवर संपर्क तुटलेला दिसला असता. मी केलेल्या जोडणीत मात्र वीज गेली की डोळा मिटत होता आणि डबी जागी राहत होती. वीज आली की डोळा उघडताना डबीला ‘हालचाल’ सांगत होता. मी मेन तीनदा खाली-वर केला. तीनदा दिवा लागला.

चौथ्यांदा करण्याआधी फोन वाजला. संदेश होता. “पोचलात वाटतं. हालचाल दिसतेय.”

मी हो म्हणालो. त्याच वेळी सगळे सांगता आले असते. तो ऑपरेशनच्या कागदांत होता, फोनवर सांगण्यासारखे नव्हते, अशी कारणे त्या क्षणी तयार होती. मशीन काढले आणि चावी परत दिली.

गुरुवारी मी सबस्टेशनवर बशीरभाईंकडे गेलो. ते तिथे ऑपरेटर आहेत, शाळेपासूनचे ओळखीचे. सोमवारी सकाळी त्या लाइनवर वीज किती वाजता सोडली होती, असे विचारले. ते हसले. “काय रे मांडवकर, पेपर परत काढलास काय?” त्यांनी रजिस्टर उघडले. लाइन पहाटे तीन वीसला गेली. झाड तोडून झाले की नाही, आणखी कुठे तार टेकली आहे की नाही, हे बघायला अधूनमधून वीज सोडून बघत होते. सहा एक्कावन्नला सोडली, दोन मिनिटांत गेली. सात एकोणचाळीसला सोडली, पुन्हा गेली. सव्वानऊला तेच. अकरा पाचला सोडली ती टिकली. पहिल्या दोन वेळांत एका मिनिटाचा फरक होता तो घड्याळांतल्या काही सेकंदांचा.

मी दोन्ही रकाने एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले.

बातमी देण्याआधी दुसरा स्रोत हवा, हा जुना नियम आहे. बुधवारी मला जे कळले होते ते पुरेसे होते. दुसऱ्या स्रोताचा नियम मला एक दिवस पुरला. शुक्रवारी माझ्याकडे नियमही नव्हता. शुक्रवारी मी कुवारबावला एका बंगल्याची झुंबरे लावली.

तेव्हापासून मी मेन बंद करून चालू केल्याशिवाय कोणाच्या घरातून निघत नाही. लोक कुरकुरतात, टीव्ही बंद होतो, मालिका जाते. गणपतीत असली कामे घेत नाही. त्यामुळे निम्मी कामे हातची गेली, कारण लोक गणपतीतच येतात. सेन्सर लावला तरी बटण काढत नाही. आणि शेजारचे कोणी रोज येत असेल तर त्यांना येऊ द्या, असे सांगतो. हे सांगणे वायरमनचे काम नव्हे, असे चेहरे होतात. कामाचा आता कंटाळा आला आहे. हातांच्या कामाचा नाही, या खात्री करून घेण्याचा आला आहे.

त्या शनिवारी दुपारी भेटीच्या वेळेत इस्पितळात गेलो. काका उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरला होता, दाढी वाढली होती. संदेश बाजूच्या स्टुलावर होता. त्याने मला बसायला सांगितले, ऑपरेशन चांगले झाल्याचे सांगितले. मग काकांशी तो मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलला : “बाबा, मांडवकर आलेत. वायरिंगवाले.”

“माहीत आहे मला,” काका म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, आवाज खाली आणून म्हणाले, “तुझं मशीन बरोबर असणार रे. मी चार वेळा उठलो असेन. मला आठवत नाही एवढंच.”

मंगळवारी आणि बुधवारी ते आपल्या वेळेवर ठाम होते, असे संदेशने मला आधी सांगितले होते. वस्तीची गाडी, मग साडेसातची शाळेची, मग पावणेनऊची जयगड गाडी, जमिनीवर पडल्या पडल्या ऐकलेल्या सगळ्या गाड्या त्यांनी वेळेनुसार सांगितल्या होत्या. शुक्रवारपासून त्यांनी गाड्यांचे नाव काढणे सोडले होते. संदेशला ही सुधारणा वाटत होती.

मी कागद संदेशच्या हातात दिला. डावीकडे मोबाईलच्या वेळा आहेत, उजवीकडे लाइन सोडल्याच्या वेळा आहेत, असे सांगितले. मग सेन्सर कुठून जोडला, का जोडला, वीज आली की काय होते, ते सांगितले. काका उठले नव्हते. चारही वेळा वीज आली होती.

संदेशने कागद दोनदा वाचला. मग विचारले, “तुम्हाला हे कधी कळलं?”

“बुधवारी.”

“आज शनिवार आहे.”

मी हो म्हणालो.

तो उठून खिडकीशी गेला. तिथूनच, वळून न बघता बोलला. मी तुमच्यामुळे माझ्या बापाला वेडा ठरवलं, असे काहीसे. पुढचे काही शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि त्यातला एकही चुकीचा नव्हता.

काकांनी हात पुढे केला. “दे तो कागद इकडे.”

त्यांनी चष्मा लावला आणि वेळांवरून बोट खाली नेले, जसे त्यांनी तीस वर्षे गाड्यांच्या तक्त्यावरून नेले असेल. “म्हणजे मी उठलो नव्हतो.”

“नाही काका.”

“चार वेळा दिवा लागला,” ते म्हणाले. “न्हाणीच्या दारातून उजेड दिसायचा. मला वाटायचं, कोण तरी आलं. हाक मारायचो. मग दिवा जायचा.”

संदेश खिडकीशीच होता. त्याने वळून पाहिले नाही.

काकांचे बोट कागदाच्या वरच्या कडेला परत आले आणि तिथे थांबले. पहिली नोंद सहा बावन्नची होती. “हा तक्ता अपुरा आहे, मांडवकर,” ते म्हणाले. “सहा दहाला मी पॅसेजमधून चाललो. दिवा लागायला हवा होता. का नाही लागला?”

कागद लिहिताना मी ती ओळ लिहिली नव्हती. मोबाईलवर ती नोंद नव्हती, रजिस्टरातही नव्हती, म्हणून माझ्याही रकान्यात नव्हती. इस्पितळात येताना मी तयार केलेल्या बोलण्यातही ती नव्हती.

“सेन्सर मेनवर होता,” मी म्हणालो. “मेन लाइन बंद होती.”

“आणि दिवा?”

“दिव्याला इन्व्हर्टरचा करंट होता, काका. लावायला बटण नव्हतं.”

त्यांनी मान हलवली. रागाने नाही. सुटायला उशीर झालेल्या गाडीचे कारण ऐकल्यावर हलवावी तशी. मग संदेशला पेन मागितले. संदेशने ते आणून दिले आणि कागदाखाली धरायला केसपेपरची फाइल दिली. चारही वेळांच्या वर जी मोकळी जागा होती तिथे काकांनी सरळ अक्षरात ६.१० लिहिले, त्यापुढे ‘अंधार’ लिहिले, खाली सही केली आणि कागद मुलाच्या हातात दिला.